संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवलीच्या फाटकावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बिबट्याचा. प्रत्यक्षात लोकांची फजिती होते ती गुळगुळीत सोलमुळे, एकाच छोट्या बाटलीत तिघांनी भागवायचं ठरवल्यामुळे आणि दहा वाजता उगवल्यामुळे. म्हणून बिबट्याचं उत्तर खाली सविस्तर आहे, पण आधी बाकीचं वाचा.

नेमकं जायचं कुठे? बोरिवलीला, ठाण्याला की घोडबंदरला?

जंगल एकच, सुमारे 103 चौरस किलोमीटरचं. त्याचा लहान भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे आणि मोठा ठाणे जिल्ह्यात. दरवाजे मात्र वेगवेगळे, आणि एका दरवाज्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येत नाही. बोरिवली पूर्वेचं मुख्य प्रवेशद्वार सगळ्यांच्या ओळखीचं: कान्हेरी लेणी, शिलोंडा वाट आणि निसर्ग माहिती केंद्र याच बाजूला. ठाण्याकडून येऊर. तिथे वाटा दाट झाडीतल्या, गर्दी तुलनेने कमी, पण तपासणी नाक्यावर नोंद आणि परवानगी हवीच. तिसरा, घोडबंदरकडून गाठायचा, नागला. हा वसईच्या खाडीपलीकडचा तुकडा आहे. एका बाजूला साग-ऐनाचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडीकाठची तिवरं अशी जोडी उद्यानात दुसरीकडे सहसा मिळत नाही. पक्षी बघायचे असतील तर नागला हे आमचं पहिलं नाव.

बोरिवली स्टेशनवरून मुख्य फाटक पूर्वेला पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मेट्रो 7 चं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक द्रुतगती महामार्गावरच आहे. सोमवारी उद्यान बंद असतं, आणि दर सोमवारी कोणीतरी फाटकाशी येऊन परत जातंच.

परवानगी न काढता कुठपर्यंत चालता येतं?

प्रवेशाचं तिकीट काढलं की मुख्य डांबरी रस्ता, गांधी टेकडीचा परिसर आणि कान्हेरीपर्यंतचा रस्ता. त्या रस्त्यावरून डावी-उजवीकडे फुटणाऱ्या मळलेल्या पायवाटा तुमच्यासाठी नाहीत. त्यातल्या काही पाड्यांवर जातात, काही वनरक्षकांच्या गस्तीच्या आहेत आणि काही नुसत्याच गुरांच्या; त्या करवंदीच्या जाळीत जाऊन संपतात. शिलोंडा, नागला, येऊरच्या आतल्या वाटा यांना वनविभागाची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार विनापरवाना आत शिरणं हा गुन्हा आहे. ‘आम्ही फक्त फोटो काढत होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

जांभूळमाळावर जायचंय, असं बरेच ट्रेकर विचारतात. ते उद्यानातलं सर्वोच्च ठिकाण, 468 मीटर. तिकीट काढून चढायची ती जागा नव्हे.

परवानगी कशी काढायची?

मुख्य फाटकातून आत आल्यावर निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. वाटांची सहल तिथूनच ठरते. शनिवार-रविवारसाठी त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी फोन करून काही होत नाही. आधीच्या आठवड्यात बोलणी करून ठेवा. सोबत ठेवायचं ते एवढंच: प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र, सगळ्यांची नावं-वयं-फोन नंबर लिहिलेला एक कागद, आणि ज्याच्या नावावर परवानगी आहे तो माणूस स्वतः. शेवटचं इथे लिहायचं कारण असं, की नेमका तोच माणूस आयत्या वेळी येत नाही आणि मग उरलेले बारा जण फाटकावर फोन लावत बसतात.

एका मार्गदर्शकामागे दहा-बारा माणसं बरी. वीस झाली की रांग लांबते, मागच्यांना पुढचं ऐकू येत नाही आणि पुढच्यांच्या आवाजाने पक्षी उडालेले असतात.

पहिल्यांदाच येतोय. सुरुवात कशाने करू?

कान्हेरीच्या रस्त्याने. वाट चुकायचा प्रश्न नाही, सावली बऱ्यापैकी आहे, आणि आपल्याला किती चालवतं याचा अंदाज येतो. मुख्य फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. चढ सुरुवातीला जाणवतच नाही, शेवटच्या टप्प्यात चांगलाच जाणवतो. रमतगमत दोन तास धरा, लेणी बघायला किमान दीड तास, उतरायला दीड. म्हणजे सकाळचा अख्खा वेळ हातात हवा. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, पुरातत्त्व खात्याचं.

लेण्या शंभराहून जास्त आहेत. सगळ्या बघायच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघा, अकराव्यातला तो लांबच लांब दगडी ओट्यांचा दरबार बघा आणि मग पायऱ्या चढून वर जा. चालणाऱ्या माणसाने वर एक गोष्ट न चुकता बघावी. लेणीच्या कपाळावर, छताच्या वरच्या कातळात बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी त्या वळवून घेतात आणि दारापाशी जमिनीत कोरलेल्या चौकोनी तोंडाच्या टाक्यात सोडतात. इथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. जवळपास प्रत्येक लेणीला स्वतःचं टाकं आहे. पावसाळ्यात चार महिने कोसळणारं आणि नंतर आठ महिने थेंब नसणारं हे डोंगराचं गणित भिक्षूंनी कसं सोडवलं, ते जागेवर उभं राहिलं की कळतं. टाक्यातलं पाणी आज पिऊ नका, एवढंच.

शिलोंडा वाट कठीण आहे का?

चढाच्या दृष्टीने नाही. त्रास होतो तो पायाखालच्या दगडांचा. वाटेचा काही भाग ओढ्याच्या काठाने आणि मोठ्या खडकांवरून जातो. गुडघे दुखत असतील तर हातात काठी घ्या. उतरताना गुडघ्यावरचा भार कमी होतो. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी, अशा बेताची वाट आहे. ज्याला तासभर डांबरी रस्त्यावर न थांबता चालवतं, त्याला ती जमते.

कोणता महिना चांगला?

प्रत्येक महिन्याचं काही ना काही भांडण असतंच, पण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना सोसेल. थंडीतले पाहुणे पक्षी आलेले असतात, वाटा कोरड्या असतात. ऑक्टोबर दिसतो हिरवा, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि माणसं याच महिन्यात सगळ्यात लवकर थकतात. मार्च-एप्रिलमध्ये पानं गळालेली असतात, म्हणून जंगल आरपार दिसतं. पळस, पांगारा फुलून बहुतेक उरकलेले असतात, कुसुमाची लालबुंद कोवळी पालवी असते. पण साडेदहानंतर चालू नये. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो आणि पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. त्यासाठी उकाडा सोसायला आमची हरकत नाही.

पावसाळ्यात चालता येतं का?

मुख्य रस्त्यावर मजेत. ओढ्याकाठच्या वाटांवर मात्र परवानगी थांबवली असेल तर हुज्जत घालू नका. डोंगर बसाल्टचा आहे, वर मातीचा थर पातळ. एकदा माती भिजली की पुढचा पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात उतरतो. त्यामुळे तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या अंगाला पडलेल्या सरीने पाणी पंधरा-वीस मिनिटांत गुडघ्याचं कमरेपर्यंत येऊ शकतं. आधी तीन खुणा दिसतात: स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं, वरून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आणि आवाज बदलतो. खळखळ थांबून घरघर सुरू होते. यातली एकही खूण दिसली की सामान आवरत बसू नका, आधी काठ गाठा आणि वर सरका. ओढा ओलांडून पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत बसून राहा. चढलं तसं ते उतरतंही लवकर. बहुतेक अपघात थांबल्यामुळे होत नाहीत, ‘आत्ता जाऊ, नाहीतर अडकू’ या घाईत होतात.

गुडघ्याच्या वर आणि वेगाचं पाणी असेल तर ओलांडायचं नाही. दोर असला तरी नाही.

बूट कोणते?

खाचा असलेले, आणि आधी वापरलेले. शेवाळ धरलेल्या ओल्या कातळावर गुळगुळीत सोल म्हणजे साबणाची वडी. सँडल कोरड्या दिवसात चालते, पण काटे आणि ठेचा तुमच्या हिशोबात धरा. कोरे बूट घालून थेट वाटेवर येऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलटी बाजू कमी लोकांना ठाऊक असते: तीन-चार वर्षं कपाटात ठेवलेले चांगले बूटसुद्धा दगा देतात. मुंबईच्या दमट हवेत सोलचा फेस आणि गोंद आतून कुजतो. बूट दिसतो नवा, आणि तासाभराच्या चालीनंतर सोल टाचेकडून उघडून जिभेसारखा लोंबायला लागतो. निघायच्या आदल्या दिवशी सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा. कडेला भेगा पडल्या किंवा पिठासारखे कण गळले तर तो बूट टाका. पिशवीत एक जादा नाडी ठेवा. सोल निघालाच तर नाडी पंज्याखालून आणि घोट्याभोवती आवळून बांधली की फाटकापर्यंत येता येतं.

पाणी आणि खाणं किती न्यायचं?

माणशी दोन लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये तीन. अर्धं संपलं की परत फिरायचं, मग समोर काही का असेना. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घाम भरपूर गेला तर डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. अशा वेळी ओआरएस घ्या. पुडी एक लिटरची आहे की 200 मिलिलिटरची ते वाचून त्याच मापाच्या पाण्यात विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खायला दशम्या, चिक्की, उकडलेली अंडी, केळी. वेफर्सची पाकिटं आणू नका. कुरकुर आवाज आणि चकचकीत कागद दोन्ही माकडांना बरोबर कळतात. केळ्याची सालंसुद्धा परत न्यायची. ‘कुजतं की’ हे खरं, पण त्याआधी त्या जागेवर प्राणी खायला यायला शिकतात. कान्हेरीच्या वाटेवर पाड्यावरच्या बायका हंगामाप्रमाणे काकड्या, बोरं, कैऱ्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या.

बिबट्या दिसेल का? आणि दिसला तर?

दिवसा, मार्गदर्शकाबरोबर, दहा माणसांच्या गटाला? जवळजवळ नाहीच. बिबटे इथे भरपूर आहेत. 2015 मध्ये कॅमेरा ट्रॅपने केलेल्या अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात 35 बिबटे नोंदले गेले. एवढ्याशा जंगलात हा आकडा मोठा आहे. पण बिबट्याचा दिवस मावळतीनंतर सुरू होतो, आणि माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो. तुम्हाला दिसतील त्या खुणा: धुळीत उमटलेला ठसा, वाटेच्या मधोमध केसांनी भरलेली विष्ठा, झाडाच्या खोडावरचे ओरखडे. ठशात नखं उमटलेली असतील तर तो कुत्र्याचा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात.

समोर आलाच तर थांबा. पळू नका, पाठ करू नका. लहान मुलाला उचलून घ्या, पण उचलताना स्वतः फार वाकू नका, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. उभं राहून, मोठ्या पण शांत आवाजात बोलत एकेक पाऊल मागे घ्या. त्याची निघून जायची वाट अडवू नका. फोटोसाठी कोणी पुढे सरकत असेल तर त्याला मागे खेचा.

याच कारणाने काही गोष्टी टाळायच्या: अंधार पडायला लागल्यावर झुडपाआड एकट्याने बसणं, मुलांना पुढे किंवा शेवटी चालू देणं, कानात हेडफोन घालून चालणं. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहालाच मावळतो. जुलैमध्ये तो सव्वासातपर्यंत असतो आणि तीच सवय लोकांना हिवाळ्यात नडते.

साप चावला तर काय करायचं?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. पावसाळ्यात बांबूच्या बेटात हिरवा चापडाही असतो, पानाच्याच रंगाचा. म्हणून हात टेकवण्याआधी बघायचं, ओंडका ओलांडताना आधी त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं.

चावलाच तर: अंगठी, घड्याळ, बूट काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा सैल बांधा. चावल्याची वेळ लिहून ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून न्या. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने चीर देणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं यातलं काहीही नको. साप मारून सोबत नेऊ नका. आपल्याकडे दिलं जाणारं औषध चारही जातींवर चालणारं असतं, आणि मारायच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. ते औषध असलेलं मोठं रुग्णालय गाठणं हाच उपाय.

अंगाला एकदम भयंकर खाज सुटली. हे काय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल तर बहुधा खाजकुयली. वेलीवर मखमली, सोनेरी-तपकिरी, चिंचेएवढ्या वाकड्या शेंगा लोंबतात आणि त्यावरची लव वाऱ्याने उडते. हात लावायचीही गरज नाही. खाजवलं की लव आत रुतते आणि हाताने मानेवर, डोळ्यापर्यंत जाते. हात मागे घ्या. चिकटपट्टी त्या जागेवर दाबून झटक्यात काढा, प्रत्येक वेळी नवा तुकडा. मग गार पाणी आणि साबण. ते कपडे घरच्या बाकीच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, नाहीतर खाज अख्ख्या कुटुंबाला वाटली जाते.

पावसाळा सरल्यावर उंच गवतात गोचिडी असतात, बारीक तिळाएवढ्या. विजार मोज्यात खोचा. घरी गेल्यावर गुडघ्याची मागची बाजू, कंबर, काख तपासा. लागलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. काडीचा चटका, रॉकेल हे प्रकार नकोत.

माकडांनी पिशवी ओढली तर?

आत खायचं असेल तर द्या सोडून. ओढाओढीतच चावे बसतात. चावा किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

लहान मुलं, आजी-आजोबा?

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी मुख्य रस्ता पुरे. आतल्या वाटेवर मुलं रांगेच्या मध्ये. आजी-आजोबांना कान्हेरीपर्यंत वाहनाने नेऊन उतरताना चालवलं तर सगळ्यांना सोयीचं, फक्त लेण्यांच्या पायऱ्या उंच आहेत आणि पावसात निसरड्या.

आमचा कुत्रा आणू का?

नाही. बिबट्यासाठी तो भक्ष्य आहे, आणि त्याच्यापासून वन्यप्राण्यांना रोग लागू शकतात. ड्रोन, स्पीकर, सिगारेट यांनाही हेच उत्तर. मार्चनंतर सागाचा पाचोळा कुरकुरीत वाळलेला असतो, एक थोटुक पुरतं.

वाटेत वस्ती लागली तर?

उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, उद्यान जाहीर व्हायच्या कितीतरी आधीपासूनचे. ते प्रदर्शन नव्हे. अंगणातून जाऊ नका, न विचारता माणसांचे फोटो काढू नका. शेंदूर लावलेला वाघोबा देव दिसला तर चपला काढून दुरून बघा, हात लावू नका.

कारवी पुन्हा कधी फुलणार?

इथलं कारवीचं झुडूप आठ वर्षांनी एकदाच एकत्र फुलतं: 2008, 2016, 2024. म्हणजे आता 2032 चा पावसाळा सरता सरता. फुलून झाल्यावर बोंडं वाळतात, तडतडून फुटतात, आणि ते झाड मरतं. नंतरच्या वर्षी वाळक्या काठ्यांचं रान बघून लोक ‘जंगल जळलं का?’ असं विचारतात. जळलेलं नाही. त्या काठ्यांखाली वाकून बघा, मेथीच्या वाफ्यासारखी दाट रोपं उगवलेली असतात. वाटेच्या कडेने चाला, ती तुडवू नका. याच काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून घरांच्या भिंती करतात.

तुळशी आणि विहार तलावावर जाता येतं का?

नाही. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, दोन्ही अजून शहराला पाणी देतात, म्हणून तिथे प्रवेश बंद आहे.

वाट चुकलो तर?

थांबा. शेवटचं ओळखीचं ठिकाण आठवत असेल आणि पाच-दहा मिनिटांच्या आत असेल तर तिथपर्यंतच मागे या. इथे चुकणारे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: हायवेचा किंवा लोकलचा आवाज ऐकू येतो म्हणून त्या दिशेने झाडीत घुसतात. दरीत आवाज डोंगरावर आपटून फिरतो, त्यामुळे दिशा चुकीची वाटते. आणि दिशा बरोबर असली तरी मध्ये करवंदीची जाळी, कडा किंवा कुंपणाची भिंत येते. ओढा धरून खाली उतरणंही नको.

दऱ्यांत मोबाईलची रेंज जाते. चार पावलं उंचावर गेलं की अनेकदा येते. आधी आपलं ठिकाण मेसेजने पाठवा, कारण कमकुवत रेंजमध्ये फोन लागत नाही पण मेसेज जातो. वनविभागाची मदतवाहिनी 1926, आपत्कालीन क्रमांक 112. शिट्टी असेल तर तीनदा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा तीनदा. फोनची बॅटरी वाचवायची असेल तर गाणी आणि कॅमेरा बंद, आणि गटातल्या एकाचाच फोन चालू ठेवा. संध्याकाळ झालीच तर सगळे एकत्र, मोकळ्या जागी, उभ्या खडकाला पाठ लावून बसा, बोलत राहा. फाटकावरच्या नोंदवहीत तुमचं नाव आहे आणि बाहेर पडल्याची नोंद नाही, हे तिथल्या माणसाच्या लक्षात येतं. म्हणूनच परत जाताना ती नोंद करायला विसरू नका.